नोकरी सोडलीय, आधी पूर्ण वाचा

आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण बाबांचा आवाज चढला की मला पुढचं बोलताच येत नाही, म्हणून लिहितेय. आई, तूच मोठ्याने वाच, बाबांचा चष्मा परत हरवला असेलच.

राजीनामा दिलाय, गाण्यासाठी. देणार आहे असं नाही, दिलाय. ३१ तारीख शेवटची. लगेच डोक्याला हात लावू नका, आठ महिने निघतील एवढे पैसे बाजूला आहेत, गिटारच्या दोन शिकवण्या आहेत, महिन्याला एखाददुसरा कार्यक्रम मिळतो, डबा त्याच काकूंचा, उकडा तांदूळ अजून संपलेला नाही आणि रूमवर गीझर पण लागला एकदाचा. गाणं कुणी ढापलं तर, हे बाबा विचारणारच. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे, आयपीआरएस, तिची मेंबर झालेय मी, आणि २०१२ मध्ये कॉपीराइटचा कायदा बदलला तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. पैसे लगेच दिसणार नाहीत, खोटं कशाला सांगू.

आणि प्लीज आरती प्रभूंचं उदाहरण नको. कुडाळात खानावळ चालवावी लागली बघ, हे ऐकतच मी मोठी झाले, पण ते सांगून झालं की त्यांच्या कविता तोंडपाठ म्हणून दाखवणारे पण तुम्हीच ना बाबा, मग मी त्यातलं नेमकं काय लक्षात ठेवायचं होतं?

लोक विचारतात कुणाचं ऐकून शिकलीस, मी दोन-चार मोठी नावं सांगते. खरं म्हणजे बाबा, डबलबारीला, त्या दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, तुमच्या पेटीमागे, तुमचाच स्वेटर उशाला घेऊन झोपायचे मी. समोरच्या बुवांची बारी झोपेत जायची, पण आपला गजर चढायला लागला की पखवाज थेट पाठीत वाजायचा आणि जाग यायची. नव्या गाण्याची लय तशीच चढवलीय. आणि आई, तू पाट्यावर वाटण वाटताना गुणगुणायचीस, वरवंटा मागे येताना शब्द, पुढे रेटताना नुसता हुंकार, मध्येच दूध उतू जायचं आणि ओळ तिथेच सुटायची. ती सुटलेली जागा मी गाण्यात तशीच ठेवलीय. स्टुडिओतला मुलगा म्हणाला इथे बासरी भरूया, मी नाही म्हटलं. तिथे माझी आई उठून गेलीय, हे त्याला कसं सांगायचं.

तुम्हाला आधी विचारलं नाही याचं वाईट वाटतंय. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी ऐकलं असतं, म्हणून.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळी चहानंतर, आठवेल तेव्हा नाही. कौलं परतायला माणूस बोलवा, बाबांनी शिडीला हातसुद्धा लावायचा नाही. विहिरीकडच्या पायरीवर शेवाळ धरलं असेल, आई, तिथे स्लिपर घालून जाऊ नकोस. गुडघ्याचं तेल संपलं तर सांग, मागच्यासारखी लपवू नकोस.

गणपतीला येतेय, तिकीट कन्फर्म आहे. आता सुट्टी कोणाकडे मागायचीच नाहीये, तर गौरी गेल्यावरही चार दिवस राहीन. उंदराने भाता कुरतडलाय म्हणून पेटी माळ्यावर टाकलीत असं दादा म्हणाला. ती आधी खाली काढा. फेविकॉलने काही चिकटवू नका, मी कातडं घेऊन येते.

तुमची,
बाय