अकरा मार्कांच्या पेपरावर पेन्सिलने खुणा करणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

एम थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर, निघाला.

रिझल्ट बघून आधी आण्णांना फोन केला, मग पेढे घेऊन स्टाफरूमला आलो. तुमच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचा लॅपटॉप होता. शिपाईमामा म्हणाले, मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढं वाढवलं नाही. तुमचा जुना नंबर लागत नाही. ऑफिसात विचारलं तर ‘आम्हाला देता येत नाही’ म्हणाले. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. तुम्हाला हे आवडायचं नाही, ठाऊक आहे. पण लिहिलं नाही तर मला अन्न गोड लागणार नाही.

ओळख देतो. मी तुमच्या डिव्हिजनचा नव्हतोच. मेकॅनिकलचा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, बार्शीचा. आण्णा मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी आहेत. आकड्यांच्या घरातला पोरगा गणितात नापास झाला, हे आमच्या गल्लीत कुणाला पटतच नव्हतं.

इंजिनिअरिंगशी संबंध नसलेल्यांनाही कळावं म्हणून जरा सांगतो. डिप्लोमाला गणित असतं ते पहिल्या वर्षात. दुसरी सेमिस्टर संपली की ते सुटतं. मग दोन वर्षं वर्कशॉप, मशीन ड्रॉइंग, कॅड. लेथवर टेपर टर्निंग सांगा, चहा येईपर्यंत करून देतो. असा पोरगा चांगले टक्के घेऊन डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात येऊन बसतो. शेजारच्यानं फर्स्ट इयरला एम वन, एम टू केलेलं असतं आणि याच्या पुढ्यात थेट एम थ्री. त्यात आमच्या ॲडमिशनच्या फेऱ्या संपेपर्यंत इकडे तास सुरू झालेले. मी वर्गात पोचलो तेव्हा पहिलं युनिट संपत आलं होतं आणि इनसेम, म्हणजे सेमिस्टरच्या मधली परीक्षा, तोंडावर होती. फळ्यावर काही अडलं की सर म्हणायचे, हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंय, आणि पुढची स्टेप. बाकीचे माना डोलवायचे. मीही डोलवायचो.

एण्डसेमला सत्तरपैकी ११ पडले.

त्यानंतर जे झालं त्याचा पाढा वाचत नाही, दोनच गोष्टी सांगतो. आमच्या जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक नेमलेल्या, सरांनी मेंटॉरिंगच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं ‘समुपदेशन केले’ असं लिहून माझी सही घेतली. समुपदेशन काय झालं, तर ‘कर की बाबा अभ्यास’. हे रजिस्टर कमिटी आली की टेबलावर मांडतात, फार सुंदर अक्षरात भरलेलं असतं. दुसरी गोष्ट जास्त लागली. आण्णांना बार्शीहून बोलावून घेतलं. रात्रीच्या एसटीनं आले, सकाळी स्टँडवरच तोंड धुतलं आणि विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये उभे राहिले. साहेब मान वर न करता म्हणाले, “डिप्लोमावाल्यांना हे झेपत नाही हो. चाकणला कुठंतरी लावून टाका, निदान पगार तरी सुरू होईल.” आण्णा ‘बरं साहेब’ म्हणाले. परत जाताना गाडी सुटेपर्यंत माझ्याशी गाळपाच्या उसाबद्दल बोलत होते. आमच्याकडं ऊस नाही.

चाकणला नोकरी करण्यात कमीपणा नाही, माझे निम्मे दोस्त तिथंच आहेत आणि झकास आहेत. राग आला तो ‘डिप्लोमावाल्यांना’ या शब्दाचा. एकाच्या पेपरावरून अख्ख्या जातकुळीचा निकाल लावून टाकला.

क्लासवाल्यांकडंही जाऊन आलो. त्यांनी ‘इम्पॉर्टंट’ची यादी हातात ठेवली आणि पाठ कर म्हणाले. मग उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि ती घेऊन कुणाकडं जावं हे कळेना, म्हणून तुमच्याकडं आलो. खरं सांगायचं तर तुमच्याकडं येण्याचं कारण एवढंच की त्या वेळी स्टाफरूममध्ये तुम्ही एकट्याच होता. तुम्ही डबा खात होता. ‘कुठल्या डिव्हिजनचा?’ एवढं विचारलंत, आणि मी ए म्हटल्यावरही ‘तुमच्या सरांना विचार’ म्हणाला नाहीत.

आता जी गोष्ट मला सांगायचीच आहे ती. तुम्ही हात धुऊन आलात, झेरॉक्स उघडलीत. त्यात तपासणाऱ्याच्या लाल रेघोट्याही काळ्याच दिसत होत्या, माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं कळत नव्हतं. मला वाटलं, आता चुका दाखवतील. मी वहीपेन काढून तयार. तुम्ही पर्समधून पेन्सिल काढलीत आणि पहिल्या पानापासून, जी जी ओळ बरोबर होती तिच्यापुढं बारीकशी बरोबरची खूण करत गेलात. रिग्रेशनचं टेबल बरोबर, खूण. बेरजा बरोबर, खूण. सूत्र बरोबर, खूण. किंमती घालताना घोटाळा झालेला, तिथं नुसतं पुढं गेलात. पुढं व्हेक्टरच्या गणितातला कर्ल काढलेला, आय, जे, के तिन्ही बरोबर, तीन खुणा. ना शाबासकी, ना उसासा. स्टाफरूममध्ये लोक यायला लागले, कुणीतरी तुम्हाला ‘चला, लेक्चर आहे ना’ म्हणालं, तुम्ही ‘आले’ म्हणून पुढचं पान उलटलंत. शेवटी पेपर माझ्याकडं सरकवलात. ११ मार्कांचा पेपर, आणि पानंच्या पानं खुणांनी भरलेली.

“चुका विद्यापीठानं मोजल्यात,” तुम्ही म्हणालात. “त्या परत कशाला मोजायच्या?”

मॅडम, शाळेपासून माझे पेपर अनेकांनी तपासले. पण नापास पेपरात मला काय येतं हे शोधत बसलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, “तुझा स्टोक्स चुकत नाहीये. तुझा आर गळतोय.” स्टोक्स म्हणजे एम थ्रीमधलं एक प्रमेय. आणि खरंच, जिथं जिथं मी वर्तुळावरचं डबल इंटिग्रल पोलरमध्ये, म्हणजे एक्स-वाय सोडून अंतर आणि कोनात, नेलं होतं तिथं डीएक्स डीवायच्या जागी नुसतं डीआर डीथीटा लिहिलेलं. आर डीआर डीथीटा कुठंच नाही. सगळ्या पेपरात एकच अक्षर गायब आणि त्यापायी उत्तरंच्या उत्तरं गेलेली. हा आर एम टूमध्ये शिकवतात. मला तो कधी भेटलाच नव्हता, मी तरी कुठून लिहिणार? तुम्ही पेपराच्याच मागं भाकरीचा चतकोर काढलात. मधल्या टोकाकडं तुकडा निमुळता, कडेला रुंद. जेवढं लांब जावं तेवढी रुंदी वाढते, आणि ते लांब जाणं म्हणजेच आर. पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्या पाच मिनिटांसाठी आण्णांना एसटीनं यावं लागलं होतं.

तुम्हीच सांगितलेली एक गंमत मी आता ज्याला त्याला ऐकवतो. स्टोक्सचं हे प्रमेय खरं तर विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननं, १८५० साली स्टोक्सला पत्रातून कळवलं होतं. छापून आलं ते १८५४ मध्ये केंब्रिजच्या स्मिथ प्राइझच्या परीक्षेत, स्टोक्सनं काढलेल्या पेपरात प्रश्न म्हणून! आणि परीक्षेला बसलेल्यांत पुढं मोठा शास्त्रज्ञ झालेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. या प्रमेयाचा मूळ स्वभावच पेपरात छळण्याचा, असं म्हणून तुम्ही हसला होता. मला तेव्हा हसू आलं नाही, रूमवर गेल्यावर आलं. फार दिवसांनी आलं.

पुढचं सगळं पुस्तकी आहे. तुम्ही सांगितलंत तसं एम थ्रीचं पुस्तक मिटलं आणि एम टूचं उघडलं. कॉटबेसिसवर माझ्या शेजारी लातूरचा एक पोरगा राहतो, त्यानं फर्स्ट इयरच्या वह्या माळ्यावरून काढून दिल्या आणि वर ‘परत द्यायची घाई नको’ म्हणाला. मेसच्या काकूंनी परीक्षेच्या महिन्यात पैशाचं नाव काढलं नाही. रीडिंग रूमचे वॉचमनकाका वेळ संपल्यावर मुख्य लाइट घालवायचे आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब तेवढी ठेवायचे. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘स्टुडंट सपोर्ट’ म्हणून एक पान आहे, सगळे टाय लावून रांगेत उभे. मला ज्यांनी सांभाळलं त्यांतलं त्या फोटोत एकही नाही, आणि त्यांना कुणी तसं कामही दिलेलं नव्हतं. काकूंना तर मी कुठल्या ब्रँचला आहे हेही माहीत नाही, त्यांच्या लेखी मी ‘तो भात न खाणारा’. कसले फॉर्म न भरता, कुणी बघत नसताना नीट वागणारी एवढी माणसं एका शहरात असतात, हे मला नापास झाल्यावर समजलं. आणि रजिस्टर भरणाऱ्यांच्या नोकऱ्या पक्क्या आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

मार्क विचाराल, म्हणून सांगतो. सत्तरपैकी ३९. टॉपर वगैरे नाही. प्रोबॅबिलिटीनं यंदाही दगा दिला. पण स्टोक्स आला होता आणि त्यात पूर्ण मार्क आहेत. विभागप्रमुख साहेब परवा जिन्यात भेटले, त्यांना मी आठवलो नाही. मीही ओळख दिली नाही.

आता टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, आहे. आईनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय, आपल्या सोलापूरकडची, लसूण जरा जास्त. तुम्ही नको म्हणाल हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, नको म्हणायला आधी भेटू तर देत. तेव्हा ज्यांना मॅडम ओळखू आल्या असतील त्यांनी नंबर मला देऊ नका, हे पत्र फक्त त्यांच्यापर्यंत पोचवा. मॅडम, तुम्हाला वाटलं तर फोन करा, माझा नंबर तोच आहे. चटणी महिनाभर टिकते.

तुमचा,
ए डिव्हिजनचा विद्यार्थी