परदेशी निवृत्ती: आधी राहून पाहा, पासपोर्टला हात शेवटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथीला गावी आलेली मुले परत निघाली की घरोघरी एकच विषय निघतो, "आई-बाबा, आता तुम्हीही चला तिकडे." लिस्बन, स्विंडन, टोरांटो, दुबई, ठिकाण कुठलेही असो. मग थंडी, जेवण, नातवंडे, एकटेपणा या सगळ्यावर चर्चा झडते. कागदपत्रांवर झडत नाही, आणि पुढे रडवतात ती कागदपत्रेच. म्हणून हा पत्रप्रपंच.

परदेशात राहायला जाणे, बँक आणि आयकर खात्याच्या लेखी अनिवासी होणे आणि भारतीय नागरिकत्व सोडणे हे तीन वेगवेगळे निर्णय आहेत. रत्नागिरीच्या किंवा बेळगावच्या माणसाला तिसऱ्यापर्यंत पोचायला परदेशात कित्येक वर्षे काढावी लागतात. गोव्यात तोच सगळ्यात आधी हाताशी येतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला; त्यापूर्वी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिक होता येते. त्यामुळे आधी कळस, मग पाया असा प्रकार होतो. पासपोर्ट पहिला, राहायचे कुठे आणि खायचे कशावर, हे नंतर.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, तुम्ही कळवा किंवा कळवू नका. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट वापरणे किंवा मतदानाला जाणे हा गुन्हा. पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचे आणि मग ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज, अशी ही वाट आहे. भारतात अर्ज केला तर शुल्क १५,००० रुपये, बाहेरून २७५ डॉलर. लिस्बनमध्ये नोंद असताना भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या अनेक गोवेकरांचे पासपोर्ट रद्द झाले आणि सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून त्यांचे ओसीआयही अडले. २०२४ मध्ये केंद्राने पासपोर्ट रद्द केल्याचे प्रमाणपत्र त्याऐवजी ग्राह्य धरले, तेव्हा कुठे ती कोंडी फुटली.

ओसीआयधारकाला भारतात हवे तितके राहता येते, फ्लॅट घेता येतो, वारसाहक्काने जमीनही मिळते. मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. फोंडा-सत्तरीकडच्या माणसाला हे दुसरे जास्त बोचते. आपल्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, लागून असलेला, पाटाचे पाणी जिथून येते नेमका तोच शेजाऱ्याचा तुकडा विक्रीला निघाला तरी हात चोळत बसावे लागते. पुन्हा भारतीय होता येते, पण ओसीआय म्हणून पाच वर्षे झालेली हवीत आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतातच काढलेले हवेत. सत्तरीनंतर हा हिशेब कोण मांडणार?

पोर्तुगालमध्ये राहण्यासाठी नागरिकत्व लागतेच असे नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. पेन्शन, भाडे, व्याज असे नियमित उत्पन्न असणाऱ्यांसाठी 'डी-७' व्हिसा आहे. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतके हवे. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होते, जोडीदारासाठी त्यावर निम्मे, म्हणजे दोघांसाठी १,३०५. युरो शंभर रुपयांचा धरला तर महिना एक लाख तीस हजार. शिवाय तिथला कर क्रमांक, तिथले बँक खाते, घरभाड्याचा करार आणि पोलिस दाखला. इथून नेलेल्या दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण, हवे. आधी दोन वर्षांचा परवाना मिळतो, मग तीन वर्षांचा. पहिल्या परवान्यात सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो धोक्यात येतो. "पावसाळा तिथे, बाकी वर्ष गोव्यात" हा बेत त्यामुळे बसत नाही.

इंग्लंडबद्दलचा गैरसमज अजून गेलेला नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आला की स्विंडनला मुलाकडे जाऊन राहता येते, हे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत खरे होते. आता मुलगा त्या तारखेपूर्वीपासून तिथे राहत असेल आणि आईवडील त्याच्यावर अवलंबून असल्याचे सिद्ध झाले, तरच वाट आहे. भारतीय पासपोर्टवर तर त्याहून कठीण. आईवडिलांना रोजच्या शुश्रूषेची गरज आहे आणि ती मायदेशी पैसे मोजूनही मिळत नाही, हे दाखवावे लागते; गोव्यात ते दाखवणे जवळपास अशक्य. कॅनडाचा सुपर व्हिसा त्या मानाने सरळ. एका खेपेस पाच वर्षे राहता येते, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा खिशातून काढावा लागतो. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाले तरी तिथे नोकरी न केलेल्या वृद्धाला मेडिकेअरसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, पाच वर्षे थांबावे लागते, आणि नंतरही हप्ता भरावा लागतोच. दुबईचा निवृत्ती व्हिसा ५५ व्या वर्षानंतर मिळतो. त्यासाठी दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा तितकीच शिल्लक हवी, नाहीतर महिना १५,००० दिरहम उत्पन्न. आखातात जन्म घालवलेल्यांपैकी थोड्यांनाच ते झेपेल.

फायदे खरे आहेत, ते नाकारायचे कारण नाही. सत्तरीच्या माणसाला न धडपडता चालता येईल असा पदपथ, वेळेवर येणारी बस, नातवंडांचा सहवास. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा परवानाधारक रहिवाशालाही मिळते आणि २०२२ पासून बहुतेक ठिकाणचे शुल्कही उठले आहे. मात्र फॅमिली डॉक्टरच्या प्रतीक्षायादीत तिथले लाखो लोक आहेत आणि आरोग्य केंद्रातले बोलणे पोर्तुगीजमध्ये चालते. मुक्तीच्या वेळी पाच-सहा वर्षांचा असलेला गोवेकर आज सत्तरीत आहे. त्याची पोर्तुगीज 'बों दिया'पुढे (सुप्रभातपुढे) सरकत नाही. छातीत दुखते की जळजळते, हा फरक सांगायला प्रत्येक वेळी मुलाला रजा काढावी लागते. घरेही पाहून घ्यावीत. जानेवारीत लिस्बनची रात्र आठ-नऊ अंशांची असते. आकडा फार वाटत नाही, पण जुन्या इमारतींत हीटिंग नसते आणि भिंतींना ओल असते. दम्याच्या, सांधेदुखीच्या माणसाने जून महिन्यात पर्यटक म्हणून जाऊन मत बनवू नये. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. ते जानेवारी ते मार्च राहून पाहावेत, हॉटेलात नको, भाड्याच्या घरात.

इथला आरोग्यविमा मात्र कधीही बंद करू नये. बहुतेक पॉलिसी परदेशात चालत नाहीत, म्हणून "हप्ता कशाला भरायचा?" असे वाटते. परत आल्यावर नवी पॉलिसी घेतली की मधुमेह, रक्तदाबासारख्या जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आपल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे अडीच किंवा चार लाखांचे संरक्षणही गोव्यातल्या पाच वर्षांच्या वास्तव्यावर आधारलेले आहे.

आता पैसा. भारतातले वास्तव्य आर्थिक वर्षात १८२ दिवसांच्या खाली गेले की सर्वसाधारणपणे तुम्ही आयकरासाठी अनिवासी. भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असेल तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. बाहेर स्थायिक व्हायला निघालात की बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासीचे भारतातले रुपयांचे खाते, करून घ्यावे लागते, आणि त्याच्या व्याजावर ३० टक्के दराने कर व वर उपकर कापला जातो. "माझे उत्पन्न कमी आहे, कर कापू नका" हे ज्येष्ठांचे घोषणापत्र अनिवासीला चालत नाही; विवरणपत्र भरून परतावा मागावा लागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासीला नवे खाते उघडता येत नाही. तिकडे पोर्तुगालमध्ये १८३ दिवसांच्या वर राहिलात की जगभरच्या उत्पन्नाची मोजणी तिथे होते. त्यात फोंड्यातल्या गाळ्याचे भाडेही आले. परदेशी पेन्शनवर १० टक्केच कर, ही सवलत नव्याने येणाऱ्यांसाठी २०२४ पासून बंद झाली आहे; तिच्या भरवशावर केलेली जुनी गणिते फाडून टाकावीत. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याचा लाभ तिथल्या कर-निवासाचा दाखला दिल्यावरच मिळतो.

सगळ्यात जास्त घरे अडतात ती क्षुल्लक गोष्टीवर: सिम कार्ड. बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवर येतो. रिचार्ज न केल्याने नंबर बंद झाला की पेन्शन खात्यात असूनही हात लावता येत नाही, आणि नंबर बदलायला बँक प्रत्यक्ष या म्हणते. रोमिंगवर एसएमएस घेता येतो, म्हणून नंबर जिवंत ठेवावा. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला भारतीय वकिलातीतून किंवा जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून देता येतो. त्यासाठी आधारवरचे नाव आणि पेन्शनच्या आदेशातले नाव जुळते का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

आणि राहिले घर. चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे घर माणूस राहत असेपर्यंतच धड राहते. माकडाने एक कौल सरकवले तर राहत्या घरात त्याच दिवशी थेंब दिसतो. बंद घरात तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत एकाच वाशावर पडत राहतो, वासा भिजतो, भिंतीतून वाळवी चढते आणि दिवाळीला कुलूप उघडावे तर छप्पर खाली बसलेले. शाकारणी मेमध्येच व्हायला हवी आणि पावसात पंधरा दिवसांनी एकदा कोणीतरी आत जाऊन वर पाहायला हवे. चावी कोणाकडे द्यायची, हा प्रश्न व्हिसाइतकाच मोठा आहे.

घर विकायचे म्हटले तर गोव्यात पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात, कारण आपल्या नागरी संहितेनुसार वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदार १ टक्का नव्हे, दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या १२.५ टक्के दराने कर आणि वर अधिभार कापतो. नफा किती हे त्याला ठाऊक नसल्याने सहसा संपूर्ण किमतीवरच कापून मोकळा होतो. कमी कपातीचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून खरेदीखतापूर्वी घ्यावा. परदेशातून पाठवलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते, आणि देणारा वारला की ते संपते. मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार घालायचाच असेल तर मालमत्तेचा सर्व्हे क्रमांक घालून, त्या एका व्यवहारापुरता घालावा.

मालक परदेशात असलेल्या घराजमिनींची बनावट कागदांवर विक्री झाल्याच्या तक्रारींमुळे राज्य सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. घरपट्टी थकवू नये, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) वर्षातून दोनदा ऑनलाइन पाहावा, हे मालक करू शकतो. सरकारने एवढे तरी करावे: उताऱ्यात फेरफाराचा अर्ज आला की मालकाच्या मोबाइलवर, परदेशी क्रमांकावरसुद्धा, संदेश जावा. आज नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, आणि तिथे दाराला कुलूप असते.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
फोंडा