शेजारच्या बोर्डवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमची सून वाचते, आणि दुपारच्या चहाला ती हे मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून इथेच लिहिते. तोंडावर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही शटर ओढलं असतंत.

आमच्या अभ्यासिकेच्या छतातले दिव्याखालचे प्लास्टिकचे तक्ते पिवळे पडून तडकले होते. नवे आणले. मधले चौकोन लगेच बसले. छताची ग्रिड, म्हणजे पट्ट्यांची चौकट, ६०० मिलिमीटरची, तक्ता ५९५ चा. भिंतीलगतची ओळ मात्र अर्धवट चौकोनांची, तिथे कापाकापी आली. सीलिंगवाल्या मिस्त्रीने ग्राइंडर लावला, तर प्लास्टिक वितळून कडेला मणी जमले आणि खोलीभर वास सुटला. मी लोखंड कापायचं ब्लेड चालवलं, तर तक्ता तिरका तडकला. दोन गेले. तिसरा मांडीवर घेऊन दारात बसले होते तेव्हा तुम्ही आलात.

तक्त्यावर टिचकी मारलीत. "टणटण वाजतंय. हे अ‍ॅक्रिलिक नाही गं, पॉलिस्टायरिन. काचेच्या जातीचं. याला रेघ मारायची आणि मोडायचं."

खरं सांगते, मला वाटलं होतं आता तुम्हीच कापून द्याल. तुम्ही लोखंडी पट्टी दाबून धरलीत आणि कटर माझ्या हातात दिलात. तक्त्याची गुळगुळीत बाजू वर, खडबडीत खाली. पहिला हात अगदी हलका, वाट पडण्यापुरता. मग त्याच वाटेने आठ-दहा वेळा. तिसऱ्याच वेळी मी जोर केला, पातं घसरलं, तक्त्यावर लांब ओरखडा उठला. तुम्ही काही बोलला नाहीत. पट्टी पुन्हा जुळवलीत, बस. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणली, वरून फळी दाबली आणि बाहेरच्या भागाला खाली एकच झटका. टक्! कड इतकी सरळ की मी बोट फिरवायला गेले, तर तुम्ही आधी पॉलिश पेपर पुढे केलात.

आणि ती भिंत! मी एकच माप घेऊन सगळे तक्ते कापणार होते. तुम्ही प्रत्येक चौकोन दोन्ही टोकांना मोजायला लावलात. कोपऱ्यात एका टोकाला ४१२ निघाले, दुसऱ्याला ४०५. घर बांधणाऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, माहीतच नसावा. त्यातूनही "५ मिलिमीटर कमी काप, उन्हाळ्यात हे फुगतं, टेकायला भिंतीला अँगलची पट्टी आहेच," म्हणालात. सोलापूरचा मे महिना आठवला आणि मी गुपचूप खूण मागे सरकवली. तक्ता तिरका वर घालायचा, मग आडवा करून खाली सोडायचा, हेही मला शिडीवर चढवूनच शिकवलंत. शिडी तेवढी धरलीत.

सात तक्ते बसले. ओरखड्याचा माझ्या टेबलाच्या वर आहे; तो मुलांच्या डोक्यावर नको वाटला.

तुमची पट्टी माझ्या कपाटामागे राहिली आहे. न्यायला मुलाला पाठवू नका, तुम्हीच या. चहा टाकते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची ताई