व्हिसाचा अर्ज राहत्या देशातूनच

महोदय,

नागपूरची बरीच मुलं-मुली सध्या दुबई, दोह्याला नोकरीत आहेत. तिथून युरोप फिरायचं ठरलं की घरचे हमखास म्हणतात, 'दिवाळीत येशील तेव्हा इथूनच अर्ज कर.' पासपोर्ट भारतीय असला, तरी शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज सर्वसाधारणपणे जिथे तुमचं कायदेशीर वास्तव्य आहे, ज्या युरोपीय देशात जायचं त्याच्या तिथल्याच वकिलातीकडे करावा लागतो. सोबत तिथला चालू निवास परवाना हवा. आणि तोच नेमका संपत आलेला असतो! तेव्हा आधी त्याचं नूतनीकरण करावं, विमानाची तिकिटं मागाहून.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी तरी द्यावाच. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

राग येतो तो आपल्याकडच्या काही एजंटांचा. मुलगा राहतो कुठे, हे न विचारताच ते आईवडिलांकडून आगाऊ रक्कम घेतात. सीताबर्डी असो की धरमपेठ, पावती फाडण्यापूर्वी हा एक प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा.

– एक पालक, प्रतापनगर, नागपूर