प्रकाशाने घडणारे तंतू आणि त्यामागचा प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेशीतील तंतूंची रचना प्रकाशाच्या साहाय्याने हवी तेथे उभी करणाऱ्या प्रयोगांची ओळख बहुधा सूक्ष्म यंत्रमानवांची पूर्वतयारी अशी करून दिली जाते. त्यामुळे त्यांतील सर्वांत मोलाचा भाग वाचकांपर्यंत पोहोचत नाही, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

पेशीत मायक्रोट्युब्यूल नावाचे, सुमारे 25 नॅनोमीटर जाडीचे पोकळ प्रथिनतंतू असतात. कायनेसिन हे प्रथिन त्यांवरून 8 नॅनोमीटरची पावले टाकत जाते आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-इंधनाचा, एक रेणू खर्च करते. कायनेसिन एकमेकांना जोडलेले असले की ते शेजारचे तंतू ओढू लागतात आणि कोणी आराखडा न देताही मध्यबिंदूपासून आरे फुटावेत तशी रचना आपोआप तयार होते. हे 1990च्या दशकातच प्रयोगशाळेत दिसले होते. मात्र ती कोठे आणि केव्हा व्हावी हे प्रयोगकर्त्याच्या हाती नव्हते. 2019 मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी कायनेसिनला अशी प्रथिने जोडली, जी निळ्या प्रकाशात परस्परांना धरतात आणि अंधारात सोडतात. (त्यांतील प्रकाश ओळखणारा भाग मूळचा ओटच्या रोपातला आहे.) मग प्रकाशाचा ठिपका पडेल तेथेच रचना जुळू लागली, ठिपका सरकवला की त्याच्या मागे जाऊ लागली, आणि दोन रचनांमध्ये प्रकाशाची पट्टी टाकताच त्या एकमेकींकडे ओढल्या जाऊन एक झाल्या.

हे दृश्य विलोभनीय आहेच, परंतु ठिपक्याच्या व्यासाबरोबर रचनेचे आकारमानही बदलते, हे निरीक्षण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. पेशीविभाजनात गुणसूत्रांची वाटणी करणारा तर्कू अशाच तंतूंचा आणि कायनेसिनसारख्या चालक प्रथिनांचा बनतो, आणि त्याचे आकारमान कशाने ठरते हा जीवशास्त्रातला जुना प्रश्न आहे. जिवंत पेशीत अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात, तर येथे मोजकेच घटक घेऊन त्यांतले एकेक बदलून पाहता येते. अर्थात या प्रयोगांत तंतूंची लांबी स्थिर केलेली असते, पेशीत मात्र ते सतत वाढतात आणि आखडतात; म्हणून येथील निष्कर्ष जसाच्या तसा पेशीला लावता येणार नाही.

आपल्या विज्ञानविषयक पानावर अशा संशोधनाला जागा देताना त्याच्या संभाव्य उपयोगांआधी हा प्रश्न आणि ही मर्यादा मांडली जावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक