काकांनी सांगितलं ते खरं, पण अर्धंच

मुलुंड, मुंबई
रविवार संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, तुमचं पत्र मिळालं. रोज रात्री फोन करणारा माणूस चार पानं लिहून पोस्टात टाकतो, तेव्हाच कळलं की प्रकरण साधं नाही. काका आमच्या उपासनेला येऊन गेले आणि नगरला परत जाऊन त्यांनी जे काही सांगितलं, त्यातलं बहुतेक खरं आहे. आमच्याकडे प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बाई पाळक देतात. गायकवृंदात एक ट्रान्सजेंडर बहीण आहे. उपदेश झाल्यावर चहा पिता पिता लोक पाळकांनाच उलटे प्रश्न विचारतात आणि कुणी कुणाला गप्प करत नाही. 'तिथे पवित्र शास्त्र गुंडाळून ठेवलंय' एवढं मात्र काकांनी पदरचं घातलं. मेगाब्लॉक होता म्हणून ते उपदेश अर्धा सोडून निघाले होते. त्या रविवारी यशयाचा ५६वा अध्याय वाचला होता, त्यांना विचारा आठवतो का.

तुमचा पहिला राग पाळक मॅडमवर आहे. तुम्ही लिहिलंय, 'आपल्याकडे ही पद्धत नाही.' बाबा, आपल्याकडे बिशपची तरी पद्धत कुठे होती? १९७० साली नागपूरला सहा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा आजोबा महिनाभर धुसफुसत होते, हे तुम्हीच सांगितलंय. अमेरिकन मिशनच्या मंडळीत मोठा झालेला माणूस, त्याला झगा घातलेला बिशप कसा पचणार! पुढे त्याच बिशपच्या हातून तुमचं दृढीकरण झालं आणि आजोबा पहिल्या बाकावर बसले होते. आणि नगरच्या माणसाने बाईच्या पुढे येण्याला नवीन म्हणावं याचं मला जरा हसू येतं. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरली ती एकटी, लग्न न झालेली. मिशन तेव्हा बायकांना पाठवायचं ते बहुधा मिशनऱ्याची बायको म्हणूनच. पुढे ती नगरला आली, तिने मुलींच्या शाळा चालवल्या, आणि नगरला तिची शाळा पाहूनच जोतिरावांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. दक्षिणेत २०१३ साली पुष्पा ललिता बिशपसुद्धा झाल्या. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पौल मंडळीची सेवा करणाऱ्या फीबी नावाच्या बाईच्या शिफारशीनेच सुरू करतो, तेव्हा पौलाला तरी मध्ये आणू नका.

पण वादात जिंकायला हे लिहीत नाहीये. मॅडम काय करतात ते सांगते. आमच्याकडे एक आजी आहेत, गुडघे पार गेलेले. प्रभुभोजनाला सगळे पुढे जातात तेव्हा त्या मागे बसून राहायच्या, आणि नंतर त्यांचं कुणाला आठवायचंच असं नाही. मॅडम आता वेदीवरून उतरतात, प्याला आणि भाकर घेऊन पहिल्यांदा आजींच्या बाकाशी जातात, त्यांच्या शेजारी टेकतात, आणि मग बाकीच्यांचं सुरू होतं. आजी दर वेळी मॅडमच्या कानात काहीतरी पुटपुटतात आणि त्यासाठी सगळी रांग थांबते. पाळकसाहेबांशी जे बोलायला बायका बिचकायच्या (नवऱ्याची दारू, गर्भपात, सुनेशी अबोला) ते आता बोललं जातं. याआधीचे पाळक वाईट नव्हते. पण त्यांच्यापुढे आम्ही डोक्यावर पदर घेऊन 'सगळं ठीक आहे' म्हणत होतो.

आता गायकवृंदाचं. तिचं नाव पत्रात लिहीत नाही, पत्र तुमच्याकडे कोण कोण वाचतं मला माहीत आहे. ती राहुरीकडची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. नारायण वामन टिळकांची भजनं तिने आजीच्या मांडीवर ऐकली आणि पेटी स्वतःच्या कानाने शिकली. गावच्या मंडळीत तिला आधी मागे बसायला सांगितलं आणि मग येऊच नको म्हणाले. आमच्याकडे आली तेव्हा कित्येक रविवार दाराजवळ चपलांच्या शेजारी उभी राहायची. मग एकदा पेटीवाले काका आजारी पडले, मॅडमनी विचारलं 'कुणाला येते का?' आणि ही पुढे आली. बाबा, तुम्हाला संथ लयीतली भजनं आवडतात ना, ती तशीच गाते. आमची तरुण पोरं टाळ्या वाजवून गाडी सुसाट सोडतात, ही त्यांना डोळ्यांनी दटावते.

'शास्त्रात हे कुठे बसतं?' असं तुम्ही विचारलंय. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय काढा. यरुशलेमहून रथातून परत निघालेला तो कूशी षंढ, म्हणजे खच्ची केलेला दरबारी माणूस, यशया वाचत असतो, फिलिप्प रथात चढतो, आणि वाटेत पाणी दिसल्यावर तो माणूस विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प कमिटीची मीटिंग बोलावत नाही. दोघं पाण्यात उतरतात. आणि यशयाच्या ५६व्या अध्यायात षंढांना देवाच्या घरात पुत्रांहून आणि कन्यांहून मोठं नाव देण्याचं वचन आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली ट्रान्सजेंडर लोकांना ओळख दिली, २०१८ साली समलैंगिकांभोवतीचा ३७७ कलमाचा फास सोडवला, हे सगळं खरं, पण आम्ही कोर्टाच्या मागून गेलो असं समजू नका. नागपूरच्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसमध्येही यावर अभ्यास चालतो. तरी सगळ्यांना पटलंय असं मुळीच नाही. काही कुटुंबं आमची मंडळी सोडून गेली, त्यातल्या एका घरची बाई तर माझ्याबरोबर संडे स्कूलला शिकवायची. नाताळचा फराळ मी अजून तिच्याकडे घेऊन जाते, ती दार उघडते, करंज्या घेते, विषय काढत नाही.

गुरुवारच्या अभ्यासमंडळात बाप्तिस्मा न झालेले लोकही बसतात, ही काकांची आणखी एक तक्रार. त्यांना सांगा, नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला तो नेमका असाच, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र. ज्यांची भजनं डोळे मिटून गायची त्यांचं हेही ऐकायला हवं.

आई, हा भाग तुझ्यासाठी. तू फोनवर विचारलंस, शनिवारी कुठे असतेस, कधी उचलत नाहीस. शनिवारी मी चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात असते. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर लोक राहतात ते तू पाहिलंयस, बंगाल, बिहार, यूपीहून आलेले, रेडिएशनचे दिवस मोजत. आम्ही त्यांच्यासाठी रांधतो. भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईतून सकाळी दुधी आणि लाल भोपळा येतो, नागपाड्याचे एक दुकानदार तांदूळ जवळजवळ खरेदीच्या भावात देतात. बेस्टमधून रिटायर झालेले एक कंडक्टर मुख्य आचारी. डबे ते तिकिटांसारखे मोजून देतात आणि एखादा कमी निघाला तर सगळ्यांची झडती घेतात. तोंडाचा कर्करोग झालेल्याला रेडिएशननंतर काही म्हणजे काही गिळवत नाही, मिठाचा कणही झोंबतो. त्यामुळे आमच्या डाळीत तिखट नाही, फोडणीत मिरची नाही, भात इतका सैल की तू 'हे काय पेजेसारखं' म्हणशील. दुधी किसून, शिजवून, गाळून. निरोगी नातेवाइकांसाठी वेगळं पातेलं, त्यात आम्ही जरा जीव ओततो. मागे एका बंगाली बाईंनी मोहरीच्या तेलाची बाटली आणून दिली आणि हातानेच खूण केली, वरून दोन थेंब. तेव्हापासून ती बाटली तिखटाच्या डब्याच्या जागी असते.

डब्याबरोबर पत्रक द्यायचं नाही, प्रार्थनेला बसवायचं नाही, असं ठरलंय. यावरून मीटिंगमध्ये दीड तास भांडण झालं. बाबा, तुम्ही असतात तर 'मग सुवार्ता कुठे?' असं विचारणाऱ्यांत असतात, मला खात्री आहे. मॅडमचं म्हणणं, भुकेल्या माणसाला ऐकायला भाग पाडू नये. कुणी आपणहून म्हणालं की आमच्यासाठी प्रार्थना करा, तर करतो, तिथेच फुटपाथवर, हळू आवाजात. मला हे पटलं.

एक विषय तुम्ही पत्रात काढला नाहीत, पण काकांनी तो नक्की सांगितला असेल. १० ऑगस्टच्या जवळच्या रविवारी आम्ही काळ्या फिती लावून उपासना करतो. १९५० साली त्याच तारखेला राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध आले, आपण ख्रिस्ती अजून बाहेर. आपल्या घरात हे कधी बोललं गेलं नाही. 'आपण ख्रिस्ती, आपल्यात जात नाही,' एवढंच. पण दादाच्या लग्नाच्या वेळी येणाऱ्या प्रत्येक स्थळाला 'मूळचे कुठले, कुठल्या वाड्यातले' हे विचारलं जायचं आणि उत्तर ऐकून आजी एक तर चहा टाकायची नाही तर टाकायची नाही, ते मी पाहिलंय. आमच्या मंडळीत आता हे मोठ्याने बोलतात. पहिल्यांदा एक सत्तरीचे गृहस्थ उठून आपल्या वडिलांना गावात पाणी कुठून भरावं लागायचं ते सांगायला लागले, तेव्हा मला बसवेना. बाबा, रागावू नका, पण मला तुमच्या तोंडूनही ते ऐकायचंय.

सगळं गोड आहे असं समजू नका. आम्हाला मीटिंगांचा रोग आहे. खजिनदार दर महिन्याला छपराच्या गळतीचं अंदाजपत्रक वाचतात आणि दर महिन्याला ते वाढलेलं असतं. शिवाय आता वांद्र्याकडून, पवईकडून शिकलेली मुलंमुली येऊ लागली आहेत, हुशार, मनाने चांगली, पण न्याय, समता, समावेश हे सगळं त्यांना इंग्रजीतच बोलता येतं. मराठी उपासना सकाळी लवकर ढकलून मोठी वेळ इंग्रजीला द्यावी, असा प्रस्ताव आला होता. मी आणि कंडक्टरकाका दोघंही त्या दिवशी तावातावाने उठलो. ज्यांना आपण आत घेतलं म्हणून मिरवतो, त्या राहुरीच्या पोरीला, त्या गुडघेवाल्या आजींना इंग्रजी कुठे येतं? प्रस्ताव बारगळला. पुन्हा येईल.

आणि आई, तुझा खरा प्रश्न मला कळतो. 'एकटी राहतेस, उद्या काही झालं तर कोण?' पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता. तुम्हाला 'जरा ताप आहे' एवढंच सांगितलं होतं, कारण तू त्याच रात्री एसटीत बसली असतीस. प्लेटलेट खाली गेल्या, हॉस्पिटलात राहावं लागलं. रात्री राहुरीची ती बहीण खुर्चीवर बसून असायची आणि सकाळी कंडक्टरकाका पपई चिरून आणायचे, बिया काढून, एकसारख्या फोडी. सिस्टरने तिला एकदा 'पेशंटची कोण?' म्हणून विचारलं. 'बहीण' म्हणाली. सिस्टरने वहीत तसंच लिहिलं.

नोव्हेंबरात आमचा कापणीचा सण आहे. या वर्षी तुम्ही दोघं यायचंच. मुंबईत कसली कापणी म्हणाल, पण लोक खिडकीतल्या कुंडीतली मिरची आणतात, गावाहून ज्वारीची कणसं मागवतात, कुणी अंडी, कुणी घरचं लोणचं. मग लिलाव. मागच्या वर्षी विरारच्या कुणाच्या तरी परसातला लाल भोपळा आला होता. तो घेणाऱ्याने पैसे भरले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला, असा तो भोपळा पाच वेळा विकला गेला आणि शेवटी शनिवारच्या पातेल्यात गेला. बोली लावायला कंडक्टरकाकाच उभे राहतात, त्यांच्यापुढे गप्प बसणं कठीण.

बाबा, शेतातली बाजरी आणा, पाच किलोची पिशवी पुरे. तुम्हाला मॅडमशी वाद घालायचा असेल तर चहाच्या वेळी खुशाल घाला, त्यांना आवडतं, फक्त आकड्यांसकट वचनं तयार ठेवा. प्रभुभोजन त्यांच्या हातून घ्यायचं की बाकावर बसून राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी वळून बघणार नाही. शुक्रवारी सकाळच्या कल्याणच्या एसटीने निघा म्हणजे माळशेज उजेडात पार होईल. मी कल्याण डेपोत उभी असेन. आई, गुडघ्याचा पट्टा बॅगेत वर ठेव, आणि येताना माझी हिरवी शाल आण, ती तुझ्याच कपाटात आहे.

तुमची,
बेबी

ता. क. काकांनाही आणा. परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक मी आधीच बघून ठेवते, म्हणजे ते या वेळी शेवटपर्यंत बसतील.