वास्तुशांतीला काका-काकूही येतायत

प्रिय आई-बाबा,

फोनवर काकांचा विषय काढला की बाबा "बरं, ठेवू का" म्हणतात, म्हणून सरळ लिहितेय. आई, तू वाचून दाखव, पण मधलं मधलं गाळू नकोस.

तर वास्तुशांतीचं आमंत्रण मी काका-काकूंनाही दिलंय. ते हो म्हणालेत आणि दोन दिवस राहणारेत. आता यात बदल होणार नाही, गुरुजी, केटरर सगळं ठरलंय. बाबा, चिडा, पण पुढचं ऐकून मग चिडा.

२ जुलै २०२३ चा तो रविवार मी विसरलेले नाही. टीव्हीवर अजितदादांचा शपथविधी चालू आणि ओसरीवर तुम्ही नि काका एकमेकांच्या अंगावर ओरडताय. १९९९ मध्ये राष्ट्रवादी पक्ष निघाला तेव्हापासून दोघांनी एकाच घड्याळाचं काम केलं, एकाच जीपमधून सभांना गेलात, मी तुमच्या मांडीवर झोपायचे आणि घरी पोचताना काकांच्या खांद्यावर असायचे. मग पक्ष फुटला, काका अजितदादांच्या घड्याळासोबत राहिले, तुम्ही पवारसाहेबांसोबत तुतारीकडे आलात. तुमचं म्हणणं, ज्यानं मोठं केलं त्याला सोडायचं नसतं. काकांचं म्हणणं, सत्तेबाहेर बसून पाण्याची नि रस्त्याची कामं कोण करून देणार. मला दोघांचंही पटतं, तुमचं जरा जास्तच पटतं, पण हे काकांपुढे बोलू नका.

मला एक सांगा, माझ्या सासऱ्यांशी तुमचं इतकं कसं जमतं? ते तर पहिल्यापासून कमळवाले! तुमची उभी हयात त्यांच्या पक्षाच्या विरोधात गेली, तरी ते आले की उसाचा दर, गुडघेदुखी, नातवंडं, तासन् तास गप्पा, आणि निवडणुकीचा विषय निघाला की तुम्ही लगेच "अजून अर्धा कप घेणार का?" तिथे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि सख्खा भाऊ, ज्याचं नि तुमचं दहातल्या नऊ गोष्टींत एकच मत, त्याच्याशी अबोला. मला समजतं, परक्याकडून अपेक्षाच नसते, आपल्या माणसाचं जास्त लागतं. पण मग अर्धा कप चहा त्यालाही विचारा ना.

१९६० च्या बारामतीच्या पोटनिवडणुकीची गोष्ट तुम्हीच शंभरदा सांगितलीय. मोठे भाऊ वसंतराव पवार शेकापकडून (शेतकरी कामगार पक्षाकडून) उभे, आई शारदाबाईही शेकापच्या, आणि धाकटे शरदराव, म्हणजे आपले साहेब, काँग्रेसचा प्रचार करत फिरतायत. "तरी घर एकच होतं" हे वाक्य तुमचंच, बाबा.

आता एक गोष्ट आईनं तुमच्यापासून लपवलीय ती मी फोडते (आई, वाच वाच, थांबू नकोस). लोकसभेला ७ मेला ऊन मी म्हणत होतं, हिचा गुडघा सुजलेला, तुम्ही सकाळपासून बूथबाहेरच्या टेबलावर. तेव्हा काका स्कूटीवर बसवून हिला शाळेपर्यंत घेऊन गेले, मागच्या गेटनं, तुम्हाला दिसू नये म्हणून. ही कुठलं बटण दाबणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाटेत एवढंच म्हणाले, "वहिनी, पदर आवरा, चाकात जाईल." तिला रागावू नका. विहिरीच्या पाण्याची पाळी तुम्हा दोघांत बोलणं नसतानाही एकदासुद्धा चुकली नाही, ते कुणामुळे, तेही तुम्हाला माहितीये.

राहण्याची काळजी नको. तुमची खोली बाल्कनीकडची, बाथरूम खोलीतच, कमोड आहे, धरायला दांडी लावून घेतलीय. लिफ्टला बॅकअप आहे. आईला खाली बसावं लागणार नाही, पूजेला खुर्ची ठेवतेय, गुरुजींना विचारलंय, चालतं म्हणाले. बाबांचा बिनसाखरेचा चहा साडेपाचला मी स्वतः करणार. काका-काकू हॉलपलीकडच्या खोलीत, म्हणजे घोरणं भिंतीआडून ऐकू येईल पण तेवढं तुम्हाला लहानपणापासून सवयीचं आहे.

आता ऐका. बीपीची गोळी रोज, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. रात्री नऊनंतर न्यूज चॅनेल बंद. फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकायचे नाहीत, आलेले पुढे ढकलायचे नाहीत, काकांनी टाकला तरी उत्तर द्यायचं नाही (त्यांनाही हेच बजावलंय, हो म्हणालेत, बघू). माझ्या घरात राजकारण बोलायला बंदी नाही हां, फक्त जेवून झाल्यावर, आणि आवाज चढला की मी दोघांनाही भांडी घासायला उभं करणार.

आणि हो, शुक्रवारी दुपारी तीनला दादा गाडी घेऊन येईल. गाडी एकच आहे. काकांना गाडी लागते म्हणून ते पुढे बसतील, बाबा मागे आईशेजारी. बॅग आदल्या रात्रीच भरा, आणि काकूंकडून लिंबाचं लोणचं घ्यायला विसरू नका, त्यांनी बरणी काढून ठेवलीय.

तुमची,
छकुली